उघड्याचं जावळ

कोंडीबातात्यांनी कुत्र्याचं जावळ काढायचा नवस बोलला, तेव्हा मी देवळात दिवा लावत होते. त्यामुळे तो नवस मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे. पुढं लोकांनी त्यात बरंच काही घातलं. कुणी म्हणतं तात्यांनी मिशा पणाला लावल्या, कुणी म्हणतं बोकड कबूल केला. तसलं काही नव्हतं. होतं ते त्याहून अवघड होतं, म्हणून जसं झालं तसं सांगते.

मी मूळची मेढ्याची. लग्न होऊन आटपाडी तालुक्यातल्या या वाडीत आले, त्याला एकतीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस अंगणवाडीत गेली. पहिल्या वर्षीच मला कळलं होतं की, या वाडीत तलाठ्याच्या शिक्क्यापेक्षा कोंडीबातात्यांच्या हाताला जास्त मान आहे.

तात्यांचं वय अडुसष्ट असेल, नाहीतर बाहत्तर. जन्मतारीख शाळेत लागते आणि तात्या शाळेत गेले नाहीत. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कऱ्हाड, पाटण करत कोयनेच्या अंगाला उतरायचं आणि पाऊस जवळ आला की माघारी यायचं. टेंभू योजनेच्या कालव्याचं पाणी आलं, वाडीत डाळिंबं लागली आणि हे फिरणं थांबलं. कळप दीडशेवरून चाळिसावर आला, पण हात राहिला. शनिवारच्या आटपाडीच्या बाजारात मेंढी घेणारा माणूस आधी तात्यांना शोधतो. तात्या डोळे मिटतात, मेंढीच्या लोकरीत बोटं घालतात आणि सांगतात. हिला खरूज येणार हाय. ही दोनदा व्यालीया. ही काळ्या रानात चरलीया. डोळे मिटल्याशिवाय तात्या जनावराला हात लावत नाहीत. “डोळं मधी मधी बोलत्यात,” असं म्हणतात.

एकदा नाथाजीनं, म्हणजे वाडीतल्या दुसऱ्या मोठ्या मेंढकरानं, त्यांची परीक्षा घेतली. तात्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि ओळीनं सात मेंढरं उभी केली. सातवं मेंढरू म्हणजे घोंगडं पांघरून ओणवा झालेला नाथाजीचा मेव्हणा होता. तात्यांनी पाठ चाचपली, मान चाचपली आणि म्हणाले, “हे घ्यायच्या लायकीचं न्हाई. तंबाखू खातंय.”

तर असे तात्या. खांद्यावर काळं घोंगडं, बारा महिने. मुलाच्या लग्नातल्या फोटोतही नव्या कोऱ्या सदऱ्यावर घोंगडं आहे.

तो मुलगा, धनाजी, कोईमतूरला गलाईच्या धंद्यात आहे. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली निम्मी पोरं याच कामानं देशभर पांगली आहेत. पौष महिन्यात धनाजी गाडी घेऊन आला आणि मागचं दार उघडून त्यानं एक प्राणी खाली ठेवला.

पाटीच्या रंगाचं अंग. उंची शेळीच्या मोठ्या करडाएवढी. वटवाघळासारखे उभे कान. कपाळाला आठ्या, जणू काहीतरी घरी विसरून आलंय आणि काय ते आठवत नाही. आणि अंगावर केस म्हणून नाही. पोट, पाठ, मान, सगळं गुळगुळीत.

तात्यांची बायको तानुआक्का तुळशीपाशी उभी होती. ती म्हणाली, “आरं धनाजी, ह्याला कायतरी घाल की अंगावर. बायामाणसं हायती हितं.”

“आई, कुत्रं हाय ते,” धनाजी म्हणाला. “मेक्सिकोचं. लय दुर्मीळ जात हाय. तीन हजार वर्सांपास्नं हाय म्हणं.”

तात्या म्हणाले, “तीन हजार वर्सांत एक केस न्हाई?”

जातीचं नाव शोलो की काहीतरी होतं. ते अर्धंच नाव. पुढचं धनाजीलाही म्हणता येत नव्हतं. त्याच्या साक्षीनं, म्हणजे तात्यांच्या नातीनं, हट्ट करून घेतलं होतं आणि इमारतीतल्या लोकांनी रोगट कुत्रं म्हणून गोंधळ घातला होता. म्हणून वर्षभर वाडीत. नाव सुलतान ठेवलं होतं. वाडीनं त्याच संध्याकाळी त्याला उघड्या केलं.

तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मी तिथंच होते. हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. कपाळाला कुत्र्यासारख्याच आठ्या पडल्या. मला त्यातली एक गोष्ट नंतर आठवली, तेव्हा काही वाटलं नव्हतं. या वेळी तात्यांचे डोळे सताड उघडे होते. असं जनावर त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं, त्यामुळे बघतच राहिले होते.

“लूत हाय,” तात्या म्हणाले. “सगळी झडलीया. चाळीस दिवसांत केस आणून दावतो.”

धनाजीनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी जाताना माझ्या हातात एक कागद देऊन गेला. कुत्रं विकणाऱ्यानं इंग्रजीत दिलेला होता, धनाजीनं तो मराठीत उतरवला होता. “बाई, एवढं तुमी तात्यास्नी वाचून दावा. माझं ऐकत न्हाईत.”

मी ओट्यावर बसून कागद मोठ्यानं वाचायला घेतला. तानुआक्का खाली शेंगा फोडत होती. उघड्या तिच्या पायाला चिकटून बसला होता आणि तात्या घोंगडं सावरत ऐकत होते, म्हणजे ऐकल्यासारखं करत होते.

“ही जात जन्मतःच बिनकेसांची असते.”

“हां. फुडं.”

“काहींच्या डोक्यावर, शेपटीच्या टोकाला किंवा पायाच्या बोटांत तुरळक केस असतात.”

तात्यांनी लगेच उघड्याचा पाय उचलला. बोटांच्या बेचक्यात खरंच थोडे केस होते. “बग. रोगातनं एवढंच वाचलंय.”

“अंग हाताला गरम लागतं. तो ताप नव्हे.”

“ताप न्हवं तर काय हाय?”

“दात कमी असतात, म्हणून खाणं मऊ द्यावं.”

“आता दात बी पडल्यात म्हण की!” तात्या उठूनच बसले. “आगं बाई, तुला बाजार म्हाईत न्हाई. लंगडी मेंढी इकणारा कवा म्हणंल का की लंगडी हाय म्हणून? तो म्हणणार, ह्या जातीची चालच अशी असती. आंधळी इकणारा म्हणंल, हिला वर बगायची खोड न्हाई. ह्या गड्यानं केस न्हाईत, दात न्हाईत, ताप हाय, समदं कागदावर लिवून दिलं आन् वर म्हणतोय जात हाय. असला इकणारा मी पंढरपूरच्या बाजारात बी बगितला न्हाई.”

बाजाराच्या दृष्टीनं पाहिलं तर त्यांचं बरोबरच होतं.

मी पुढं वाचत राहिले. उन्हात फार वेळ ठेवू नये, कातडी भाजते. थंडीत सुती कापड घालावं. तेल फार चोपडू नये, कातडीची भोकं बुजून पुटकुळ्या येतात. एकटं ठेवू नये, माणसाला चिकटून राहायची सवय असते. आणि नववं कलम वाचताना माझाच आवाज खाली गेला. “लोकर अंगाला लागू देऊ नये. या जातीला लोकर सोसत नाही.”

त्या घरात माणसं लोकरीवर झोपतात, लोकर पांघरतात, लोकर देवाला वाहतात. परड्यात चाळीस मेंढरं लोकर घालून उभी होती.

तात्या म्हणाले, “झालं वाचून? घडी घाल त्येची.”

मग आतून कातर आणली, मेंढरं भादरायची. खरजेच्या मेंढराला औषध लावायच्या आधी लोकर काढतात, तसं उघड्याच्या बोटांतले ते तुरळक केस त्यांनी कातरून टाकले. आता कुत्रं पुरतं कोरं झालं.

नवस झाला तो त्यानंतरच्या रविवारी. मी दर रविवारी अंघोळ करून बिरोबाच्या देवळात दिवा लावायला जाते. मागणं काही नसतं माझं, पण गेल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. बाहेर पारावर माणसं बसली होती. तात्या उघड्याला सुतळीनं धरून निघाले होते, तेवढ्यात नाथाजीनं छेडलं.

“तात्या, ते घिऊन आमच्या मेंढरांत येऊ नगा. आमची बी उगडी हुतील.”

“चाळीस दिवस थांब की.”

“चाळीस कशाला, चारशे घ्या. हात थकला आता तुमचा, तात्या. वय झालं.”

पारावर हसणं झालं. तात्या हसले नाहीत. चपला काढल्या, देवळात आले, भंडाऱ्याची मूठ भरली आणि देवासमोर उभे राहिले. “बिरोबा, ह्या जत्रंला ह्या मुक्या जिवाचं जावळ तुझ्या पायाशी वाहीन. न्हाई वाहिलं, तर माझी कातर तुझ्या पायरीवर ठेवीन आन् पुन्यांदा कुठल्या जनावराला हात लावणार न्हाई.”

लहान मुलाचे पहिले केस देवापुढं काढतात, ते जावळ. कोकराची पहिली लोकरही आमच्याकडं देवालाच जाते. पण कुत्र्याचं जावळ कुणी ऐकलं नव्हतं, त्यातही ज्याला केसच नाहीत अशा कुत्र्याचं. माझ्या हातातली काडी विझली. मनात आलं, देवाला असं केसावर बांधून घालू नये.

त्या संध्याकाळी तानुआक्काला विचारलं, “हे का बोलून बसले गं तात्या?”

हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली. मग म्हणाली, “मामंजींचं म्हाईत न्हाई तुला. गुंडाआबांचं. त्येंचा बी असाच हात हुता. म्हातारपणी बोटं सुन्न झाली, कुणाला सांगितलं न्हाई. एक आजारी मेंढी चांगली म्हणून सांगितली. घेणाऱ्याचा समदा कळप गेला. तवापास्नं हे म्हणत्यात, हात चुकाय लागला की हात बंद.” आणि तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “कुत्र्याची काळजी न्हाई गं त्यास्नी. हाताची हाय.”

त्यानंतर मी त्या उपचारांना हसले नाही. म्हणजे फार हसले नाही.

रोज सकाळी करंजाचं तेल आणि गंधक. संध्याकाळी कडुलिंबाचं पाणी. औषध ओरबाडू नये म्हणून चारी पायांत मोजे. मोजे साक्षीचे, ती दीड वर्षाची असतानाचे, गुलाबी, वर ससा. तानुआक्कानं जपून ठेवले होते. तीच ते चार दिवसांनी बदलायची, पण तिला मोतीबिंदू, पायाखालचं मांजर दिसत नाही. थंडी वाढली तशी तात्यांनी घरच्या लोकरीचं छोटं घोंगडं उघड्याच्या पाठीवर बांधलं. दुसऱ्या दिवशी अंगभर लाल चट्टे. मी कागदाचं नववं कलम आठवून दिलं, तर तात्या म्हणाले, “रोग भाईर पडाय लागलाय. चांगली खूण हाय.”

वाडीत एक नवाच प्रकार सुरू झाला. उघड्या कायम तानुआक्काच्या गुडघ्याला चिकटून बसायचा आणि अंग त्याचं विटेसारखं ऊबदार. आठवडाभरात आक्का म्हणाली की गुडघा हलका झालाय. दुसऱ्या दिवशी मनुबाई आली. मग तिची जाऊ. मग राहीबाई वरच्या वस्तीवरून काठी टेकत आली. दुपारी बायका ओट्यावर पाय पसरून ओळीनं बसायच्या आणि उघड्याला गुडघ्यागुडघ्यानं पुढं सरकवायच्या.

“झालं की गं तुझं, सोड आता.”

“आत्ता तर आलाय. डावा ऱ्हायलाय माझा.”

“तुझा डावा कवा दुकत न्हवता. कुत्रं बगून दुकाय लागला.”

तात्या दारातून ओरडायचे, “अगं तापलंय ते बिचारं! आजारी जनावराला शेकायला घेता व्हय?”

मधे एकदा पशुधनाचे डॉक्टर मेंढ्यांच्या लसीला आले. तरुण होते. त्यांनीही असलं कुत्रं फक्त फोनवर बघितलं होतं, म्हणून आधी त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. मग ताप मोजला. “एकशे दीड. कुत्र्याचा एवढाच असतो, काका. केस नाहीत म्हणून हाताला जास्त लागतो.” कातडी खरवडून काचेवर घेऊन गेले आणि चार दिवसांनी फोन केला, की कसलाही रोग नाही, तेल तेवढं बंद करा.

तात्या म्हणाले, “त्यास्नी म्हशीचं शिकवल्यालं असतंय.”

पण रात्रीचं जेवण त्यांना जात नाही असं आक्का सांगायची. बाजाराला जायचे, पण कुणी मेंढी पुढं केली की “आज हात दुकतोय” म्हणायचे.

मग सव्विसाव्या दिवशी सकाळी तात्या धावत अंगणवाडीच्या दारात आले. तात्यांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“बाई! पोरं सोड आन् चल. कोंब फुटलं!”

पोरं सोडता येत नाहीत, म्हणून सगळी एकोणीस पोरं घेऊनच गेले. उघड्याच्या पाठीवर, मानेपासून शेपटीपर्यंत, बारीक बारीक फोड आले होते. प्रत्येकाला टोक.

“हे बग. मुळातनं ढकलाय लागल्यात. आठ दिसांत लव दिसंल.”

तेल फार चोपडलं की काय होतं ते कागदात लिहिलेलं होतं आणि कागद माझ्या हजेरीच्या वहीत होता. पण तात्यांचा चेहरा बघून माझी वही उघडली नाही. हे माझं चुकलंच. मुलांनी कोंब मोजायला घेतले. वीसपर्यंत मोजले आणि थांबले, कारण वीसपर्यंतच शिकवलं होतं. दुपारपर्यंत सगळी वाडी येऊन गेली. नाथाजीसुद्धा आला, बोट लावून बघितलं आणि म्हणाला, “कायतरी हाय खरं.” त्या दिवशी तात्या दोन भाकरी जेवले.

पुढच्या आठवड्यात कोंब सुकले, बसले आणि पाठ पुन्हा पाटीसारखी झाली. त्या दिवशी तात्या उघड्याला घेऊन मेंढरांच्या परड्यात एकटेच बसून राहिले. मी ताक घेऊन गेले, तर म्हणाले, “बाई, गुंडाआबा शेवटाला असंच बसायचं. दोनी हात मांडीवर ठिवून.”

त्यानंतर तेलही बंद झालं. बाटली तशीच राहिली.

माघी पौर्णिमेला आमच्या बिरोबाची जत्रा असते. पहाटेच तानुआक्काचा भाऊ मल्हार जतहून आला. तो पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, सगळं शिस्तीत लागतं त्याला. आल्या आल्या विचारलं, “जावळ कुणाच्या मांडीवर?”

कुणी हा विचारच केला नव्हता. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात.

“कुत्र्याला कुठला मामा?” तात्या वैतागले.

“रोज खायाला कोण घालतंय? ताई. मग आई ताई, मामा मी.” त्यानं पिशवीतून जरीची टोपी, नवं उपरणं आणि खोबऱ्याची वाटी काढली. “रिकाम्या हातानं येतोय व्हय मामा?”

देवळापुढं ढोल वाजत होते. माणसं एकमेकांवर भंडारा उधळत होती आणि त्यात लोकरीचे पुंजके उडत होते, म्हणून आक्कानं उघड्याला तिच्या जुन्या सुती पातळात गुंडाळलं होतं. मल्हारमामा पारावर मांडी घालून बसला. मांडीवर उघड्या, डोक्याला जरीची टोपी, कानांना जागा म्हणून दोन भोकं पाडलेली, पायांत ससेवाले मोजे. वाडीचा न्हावी अर्जुना धोकटी घेऊन समोर बसला. त्यानं उघड्याला पुढून बघितलं, मागून बघितलं, टोपी उचलून बघितलं.

“तात्या, कुठनं सुरू करू?”

सगळा पार हसला. माणसं शिडीवर, कठड्यावर चढून बघत होती. नाथाजी म्हणाला, “अर्जुना, वस्तरा घरी ठिवून आला असतास तरी चाललं असतं.”

तात्यांच्या काखेत एक गाठोडं होतं. त्यात काय आहे ते मला आणि तानुआक्काला माहीत होतं. कातर. बापाची, मग त्यांची, मुठीवर अंगठ्याचा खड्डा पडलेली. ते पायरीपर्यंत आले, वाकले आणि गाठोडं ठेवायच्या आधी थांबले. “येकदा हात लावून घेतो,” म्हणाले. “शेवटचा.”

उघड्यापुढं बसले. आणि डोळे मिटले.

ढोलवाले आपोआप थांबले. तात्यांचा हात कानामागून निघाला, मानेवरून, पाठीवरून, बरगडी न बरगडी. फार सावकाश. उघड्यानं त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकली. हात पोटाखालून गेला, मांडीवरून उतरला आणि मोज्याशी आला. तात्यांनी मोजा काढला. बोटांच्या बेचक्यात त्यांचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं.

“अर्जुना,” तात्या डोळे न उघडता म्हणाले, “हितं बग.”

अर्जुनानं पाय उन्हात धरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. “आयला! हायती की!”

काळे, ताठ, नखाच्या टोकाएवढे. दुसरा मोजा काढला, तिथंही. चारी पायांचे मिळून तेरा भरले. मल्हारमामा उभा राहून ओरडला, “आलं! जावळ आलं!” आणि वर्षाचा भंडारा त्या एका क्षणात उधळला गेला. ढोल सुरू. नाथाजी ओरडून विचारत होता, “पायाच्या बोटांत कुठं जावळ असतं व्हय?” पण त्याचं कोण ऐकतंय? अर्जुनानं तेरा केस काढले आणि विड्याच्या पानावर ठेवले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून माझा तळहात वर धरायला सांगितला. तात्यांचा नवस फिटला होता. हात वाचला होता. त्यांनी गप्प राहायचं, एवढंच बाकी होतं.

तात्यांनी हात वर केला. “ढोल थांबवा.”

थांबले.

“हे केस आधी बी हुतं,” तात्या म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण पारावर सगळ्यांना ऐकू गेला. “पैल्या दिवशी मीच कातरलं. जेवढं कातरलं तेवढंच आलं. माझ्या औषधानं एक बी आला न्हाई. ह्याला रोग न्हवताच. कागद खरा हुता. लूत हाय म्हणालो, ते चुकलं माझं.”

मल्हारमामाच्या हातातली खोबऱ्याची वाटी तशीच राहिली. एकतीस वर्षांत तात्यांच्या तोंडून ‘चुकलं’ मी पहिल्यांदा ऐकलं आणि बाकीच्यांनी त्याहून जास्त वर्षांत.

नाथाजीनं विचारलं, आता त्याच्या आवाजात छेडणं नव्हतं, “म्हंजे हात चुकला, तात्या?”

तात्यांनी आपला हात उलटसुलट करून बघितला. “न्हाई रं. हात पैल्या दिवशीच म्हणत हुता, कातडं निर्मळ हाय. मीच डोळं उगडं ठिवलं. डोळ्यांनी बगितलं आन् तोंडानं बोललो. हाताचं ऐकलंच न्हाई.”

आता नवस फिटला की मोडला, यावर पारावर वाद सुरू झाला. एक म्हणे औषधानं नाही आले म्हणजे नवस नाही. दुसरा म्हणे देवानं औषध मागितलं नव्हतं, केस मागितले होते. शेवटी पुजारी, ऐंशी वर्षांचे, आतून ओरडले, “केस हायती का न्हाईत?”

“हायती!”

“मग आणा की आत. ऊन व्हाय लागलंय, त्या लेकराचं अंग भाजंल.”

तेरा केस विड्याच्या पानावरून बिरोबाच्या पायाशी गेले. मी पाठोपाठ दिवा लावला. देवाला केसावर बांधू नये असं मला वाटलं होतं, पण देव तेवढ्यावरही राजी असतो, असं त्या दिवशी वाटलं. कातरीचं गाठोडं तात्यांनी पायरीवर ठेवलंच नाही, पुन्हा काखेत घातलं.

जत्रा पांगल्यावर मी घरी निघाले, तर तात्यांनी ओट्यावरून हाक मारली. “बाई, तो कागद हाय का?”

“हाय की. वहीत हाय.”

“वाच परत. पैल्यापास्नं.”

मी वाचायला लागले. या वेळी तात्या मधे बोलले नाहीत. मऊ खाण्याचं आलं, तेव्हा आक्काला म्हणाले, “दुधात कुसकरून घालत जा.” उन्हाचं आलं, तेव्हा उठून उघड्याला सावलीत ओढला. लोकरीचं नववं कलम आलं आणि मी वाचून थांबले.

तात्या उठले. मग खांद्यावरचं घोंगडं काढलं, परड्याच्या पलीकडं बाभळीवर नेऊन टाकलं, रांजणातल्या पाण्यानं हात, मान, खांदे घासून धुतले आणि नुसत्या गंजीवर येऊन बसले. घोंगड्याशिवाय ते एवढे लहान दिसतील असं मला वाटलं नव्हतं. खांद्याचा तो भाग, जिथं कधी ऊन लागलं नव्हतं, पांढरा पडला होता. उघड्या उठला, त्यांच्या मांडीवर चढला आणि त्या पांढऱ्या खांद्यावर हनुवटी टेकून बसला.

तानुआक्का शेंगा पाखडायचं सूप घेऊन दारात आली. दोघांकडं बघत उभी राहिली.

“आता ह्यास्नी बी कायतरी घाला अंगावर,” ती म्हणाली. “बायामाणसं हायती हितं.”